सोलापूर ते सिंगापूर, टॅक्सी न करता : पहिल्या परदेशवारीची आखणी

परदेश प्रवास म्हटला की सोलापुरात आधी पॅकेजचीच चौकशी होते. विमानतळावर नावाचा फलक धरून उभा असलेला माणूस, दाराशी बस आणि वेळच्या वेळी जेवण असा सगळा बंदोबस्त त्यात असतो, आणि त्याचे पैसेही त्याच हिशेबाने मोजावे लागतात. ज्यांना बस, मेट्रो आणि रेल्वेच्या भरवशावर स्वतःच फिरायचे आहे, त्यांच्यासाठी ही आखणी आहे. एसटी आणि रेल्वेच्या प्रवासात मुरलेल्या माणसाला परदेशातली मेट्रो अवघड वाटण्याचे काही कारण नाही. फसगत होते ती बहुधा तीन ठिकाणी : विमान भलत्या वेळी उतरते, मुक्काम स्थानकापासून लांब निघतो आणि सामान स्वतःच्याने उचलत नाही. या तिन्हींचा निकाल विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच लावायला हवा, कारण पैसे भरल्यावर त्यातले फारसे काही बदलता येत नाही.

देशाची निवड

प्रेक्षणीय स्थळांची यादी तूर्त बाजूला ठेवून एकच प्रश्न आधी विचारावा : विमानतळावरून थेट शहरात जाणारी रेल्वे किंवा मेट्रो आहे का? सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक आणि दुबई या चारही शहरांत ती आहे. बालीला आणि फुकेतला मात्र विमानतळावरून अशी रेल्वे नाही, त्यामुळे ही ठिकाणे कितीही लोकप्रिय असली तरी या पद्धतीच्या पहिल्या प्रवासासाठी मी सुचवणार नाही. येथे उदाहरण म्हणून सिंगापूरला उतरून, बसने मलेशियात जाऊन, क्वालालंपूरहून परत येण्याचा मार्ग घेतला आहे. एका देशातून दुसऱ्या देशात बसने जाण्याचा अनुभव त्यात मिळतो आणि आल्या वाटेने परत फिरण्याचा वेळही वाचतो.

भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो. सरकारमान्य एजंटामार्फत ऑनलाइन अर्ज करायचा असतो. सिंगापूर सरकारचे शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे, एजंटाचे पैसे वेगळे. अर्ज प्रवासाच्या तारखेआधीच्या ३० दिवसांत करावा. मलेशियाने भारतीय पर्यटकांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ३० दिवसांच्या मुक्कामासाठी व्हिसाची सूट दिली आहे. अशा सवलती वाढतात किंवा बंद होतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. या मार्गाचा आणखी एक फायदा असा, की सिंगापूरमध्ये एकदाच प्रवेश होतो. ज्यांना मलेशियात जाऊन पुन्हा सिंगापूरलाच परतायचे असेल, त्यांनी आपला व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे की नाही हे नीट वाचून घ्यावे.

पासपोर्ट

सोलापुरात टपाल खात्याचे पासपोर्ट सेवा केंद्र असल्यामुळे अर्जासाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. ‘पासपोर्ट सेवा’च्या संकेतस्थळावर अर्ज भरून आणि शुल्क भरून वेळ घ्यावी, ३६ पानी साध्या पासपोर्टला १५०० रुपये लागतात, तत्काळ हवा असल्यास त्यावर २००० रुपये अधिक. केंद्रात कागदपत्रे तपासली की पोलीस पडताळणी होते आणि पासपोर्ट स्पीड पोस्टने घरी येतो. प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षे चालतो, परंतु बहुतेक देश प्रवासाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी असा आग्रह धरतात. घरात जुना पासपोर्ट असेल तर तो आधी उघडून तारीख पाहावी.

नावाच्या बाबतीत सोलापूरकरांनी अधिक दक्ष राहिले पाहिजे. आपल्याकडे मराठी, तेलुगू आणि कन्नड घरांतली नावे लिहिण्याची रीत एकसारखी नाही. कोणाच्या कागदावर आडनाव आधी येते, कोणाच्या शेवटी, आणि वडिलांचे नाव कधी पूर्ण असते तर कधी नुसते आद्याक्षर. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्टचा अर्ज यांत नाव अक्षरशः सारखे असावे. विमानाचे आणि परदेशातील बसचे तिकीट काढताना पासपोर्टच्या रोमन अक्षरांतील नाव जसेच्या तसे उतरवावे.

विमान किती वाजता उतरते?

स्वस्त तिकीट दिसले की हात लगेच पैसे भरण्याकडे जातो. तो आवरून आधी उतरण्याची वेळ पाहावी. मुंबई ते सिंगापूर थेट विमानाला साधारण साडेपाच तास लागतात आणि सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रात्री साडेअकराला निघालेले विमान तेथे सकाळी साडेसातच्या सुमारास उतरते. मेट्रो पहाटे साडेपाचपासून सुरू असते, म्हणून हे उत्तम. दुपारी साडेचारला निघणारे विमान मात्र मध्यरात्रीनंतर साडेबाराला उतरेल. पासपोर्ट तपासणी आणि सामान होईपर्यंत एक वाजतो, आणि विमानतळावरून शहराकडे जाणारी शेवटची मेट्रो त्याआधीच गेलेली असते. मग उरतात दोन पर्याय : टॅक्सी, किंवा पहाटेपर्यंत बाकावर बसून राहणे. तिकिटात वाचलेले हजार-दोन हजार रुपये तेथेच जातात.

शक्यतो थेट विमानच घ्यावे. सिंगापूरपर्यंतचे आणि क्वालालंपूरहून परतीचे, अशी दोन्ही तिकिटे आधीच काढून त्यांची प्रत जवळ ठेवावी, कारण दोन्हीकडचे अधिकारी ‘पुढे कधी जाणार’ हे विचारू शकतात. तिकिटावर विमानतळाचे नावही वाचावे. मुंबई परिसरात आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे आणि दोहोंमधले अंतर रेल्वेने येणाऱ्या माणसाला चांगलेच महागात पडू शकते.

सोलापुराहून विमानतळापर्यंत

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, तर विमानाचे तिकीट बहुधा त्याआधीच काढलेले असते. म्हणून आरक्षण उघडण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि त्याच दिवशी तिकीट काढावे. दिवाळीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आणि आषाढी-कार्तिकीच्या सुमारास कुर्डुवाडीमार्गे जाणाऱ्या गाड्यांत ऐनवेळी जागा मिळेल ही आशा धरू नये. प्रतीक्षा यादीतल्या तिकिटावर परदेशी विमानाचा भरवसा ठेवणे तर अजिबात योग्य नाही.

विमान रात्रीचे असेल तर मी वंदे भारतला पसंती देईन. ती सकाळी सोलापूर सोडते आणि दुपारी मुंबईत पोहोचते. तिला दोन-तीन तास उशीर झाला तरी विमान चुकत नाही. मात्र ती आठवड्यातला प्रत्येक दिवस धावत नाही, म्हणून वार आधी तपासावा. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळीच मुंबईत सोडते, त्यामुळे रात्रीच्या विमानासाठी अख्खा दिवस काढावा लागतो. ज्यांना तेवढ्यात मुंबईत काही काम उरकायचे असेल त्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील अमानत घरात सामान ठेवावे. बॅगेला कुलूप नसेल तर ती तेथे घेत नाहीत.

मुंबईत पूर्वी खरी कसोटी शेवटच्या टप्प्याची होती. सामान घेऊन लोकल, मग अंधेरीला उतरून रिक्षा, असा तो प्रकार होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून हा टप्पा सरळ झाला आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगत मेट्रोचे स्थानक आहे, दादरच्या पश्चिम बाजूलाही आहे, आणि दोन्हीकडून आरेच्या दिशेची गाडी धरली की आंतरराष्ट्रीय टर्मिनल २ च्या स्थानकावर थेट उतरता येते. टर्मिनल १ चे स्थानक त्याच्या आधी लागते, तेथे घाईने उतरू नये. रात्री साडेदहाच्या सुमारास मेट्रो बंद होत जाते, म्हणून पहाटेच्या विमानासाठीही आदल्या संध्याकाळीच विमानतळ गाठणे बरे.

पुण्याहून किंवा हैदराबादहून सोयीचे विमान मिळाले तर तोही मार्ग खुला आहे. पुणे स्थानकावरून मेट्रोने रामवाडी आणि तेथून पीएमपीची बस. हैदराबादला शहरातून शमशाबाद विमानतळाकडे जाणाऱ्या ‘पुष्पक’ बस.

मुक्काम

मुक्कामाची जागा निवडताना खोलीच्या छायाचित्रांपेक्षा नकाशा महत्त्वाचा. मेट्रो स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांच्या आत असलेली जागाच घ्यावी. ते स्थानक विमानतळाकडून एकदाच गाडी बदलून गाठता येते का, हेही पाहावे. सिंगापूरमध्ये लिटिल इंडियाचा परिसर या दृष्टीने सोयीचा आहे. चांगी विमानतळाच्या स्थानकावरून गाडीत बसले की लगेच पुढचे एक्स्पो स्थानक येते. तेथे निळ्या डाउनटाउन मार्गिकेची गाडी धरली की ती थेट लिटिल इंडियाला आणते. जवळच शाकाहारी उपाहारगृहे आहेत, हा भाग वेगळा. लॅव्हेंडर आणि बुगिस ही हिरव्या मार्गिकेवरची स्थानकेही चालतील. त्यासाठी तानाह मेराहला गाडी बदलावी.

सामानाबाबत नियम एकच : भरलेली बॅग घेऊन सोलापूर स्थानकाचा पादचारी पूल एकट्याने, न थांबता चढून पाहावा. दम लागला तर बॅग उघडून निम्मे कपडे काढावेत. पॉवर बँक जवळच्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत ती चालत नाही. शेंगा चटणी आणि कडक भाकरी नीट बांधून मोठ्या बॅगेत टाकावी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवाव्यात, विमानात त्यांना मनाई आहे. सिंगापूरमध्ये च्युइंग गम, खाण्याची तंबाखू, गुटखा आणि ई-सिगारेट नेता येत नाही, आणि तेथे या बाबतीत कोणी डोळेझाक करत नाही. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध घेणाऱ्यांनी तेथील परवानगीचा नियम आधी पाहावा आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी.

पैसे आणि कार्ड

सिंगापूरच्या मेट्रोत रोख पैशांचे एकेरी तिकीट आता मिळत नाही. आपले व्हिसा किंवा मास्टरकार्ड संपर्कविरहित असेल तर तेच फाटकावर टेकवून आत जाता येते. त्यासाठी घरूनच बँकेच्या अॅपमध्ये दोन गोष्टी सुरू कराव्या लागतात : परदेशातील वापर आणि संपर्कविरहित व्यवहार. दोन्ही कळा वेगवेगळ्या असतात आणि दुसरी बहुधा विसरली जाते. परदेशी कार्डावर वापराच्या प्रत्येक दिवशी ६० सेंट सेवाशुल्क लागते, शिवाय आपली बँक चलन बदलाचे पैसे घेते. म्हणून तीन-चार दिवस राहणाऱ्याने ईझी-लिंक कार्ड विकत घेऊन त्यात पैसे भरलेले बरे पडते. कार्ड प्रत्येकाचे वेगळे लागते. नवरा-बायकोने एकच कार्ड मागेपुढे टेकवले तर दुसऱ्यासाठी फाटक उघडत नाही.

जाताना टेकवलेले कार्डच उतरताना टेकवायचे. बसमध्ये पुढच्या दाराने चढताना एकदा आणि मागच्या दाराने उतरताना पुन्हा, हे अंगवळणी पडेपर्यंत मनाशी घोकत राहावे. उतरताना विसरले तर शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. भाडे अंतरावर ठरते, आणि ४५ मिनिटांच्या आत बसमधून मेट्रोत किंवा मेट्रोतून बसमध्ये गेल्यास तो एकच प्रवास धरला जातो. म्हणून बस बदलावी लागते याचे दडपण घेऊ नये. बस थांब्यावर आपोआप थांबेलच असे नाही. आपली बस येताना दिसली की हात दाखवावा लागतो.

या सगळ्याचा सराव जाण्यापूर्वी पुण्याच्या किंवा मुंबईच्या मेट्रोत एक दिवस करावा. मोबाइलमधील नकाशात सार्वजनिक वाहतुकीचा पर्याय निवडून अनोळखी ठिकाणी जाऊन पाहावे : कोणत्या दिशेची गाडी, कोणते द्वार, किती चालणे. स्थानकात शेवटच्या गाडीची वेळ कोठे लिहिलेली असते हेही तेव्हाच शोधावे.

सिंगापूरमध्ये

सिंगापूरला पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ‘एसजी अरायव्हल कार्ड’ हा आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरावा. तो पूर्ण विनामूल्य आहे. त्याचे पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे. मेट्रोचे स्थानक चांगीच्या टर्मिनल २ आणि ३ च्या दरम्यान आहे. टर्मिनल ४ वर उतरलेल्यांनी तेथली फुकट बस पकडावी.

रोजचा कार्यक्रम ठिकाणांच्या यादीवरून न करता मार्गिकेवरून करावा. गार्डन्स बाय द बे आणि मरीना बे हे एका दिवसात येतात. सेंटोसा बेटासाठी हार्बरफ्रंटला उतरून चालत पूल ओलांडता येतो, चालणे नको असेल तर सेंटोसा एक्सप्रेस आहे. प्राणिसंग्रहालय मात्र मेट्रोवर नाही. त्यासाठी स्प्रिंगलीफ किंवा अँग मो किओ स्थानकावरून १३८ क्रमांकाची बस घ्यावी लागते. तेथील नाइट सफारी मध्यरात्रीपर्यंत चालते, म्हणून आत शिरण्यापूर्वीच परतीच्या शेवटच्या बसची वेळ पाहून ठेवावी आणि तिच्या अर्धा तास आधी बाहेर पडावे. मेट्रोत खाणे-पिणे निषिद्ध आहे आणि दंड ५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो. साधे पाणी पिण्यालाही हा नियम लागू आहे. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभे राहावे. ज्येष्ठांसाठी प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे. ती कोणत्या द्वाराशी आहे हे फलकावर लिहिलेले असते.

बसने सीमा ओलांडताना

मलेशियाचे डिजिटल आगमन कार्डही तेथे पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरून ठेवावे. क्वीन स्ट्रीटच्या बसस्थानकावरून, म्हणजे बुगिसजवळून, किंवा क्रांजी मेट्रोजवळून १७० क्रमांकाची बस घ्यावी. वुडलँड्सच्या सीमा तपासणी नाक्यावर बस थांबते, सगळे उतरतात. येथे पहिल्यांदा जाणाऱ्याचा गोंधळ उडतो, कारण ही बस आपली वाट पाहत थांबत नाही. कार्ड टेकवून, सगळे सामान घेऊन उतरायचे. बॅग आसनावर ठेवून जायचे नाही. सिंगापूरची तपासणी झाली की खाली येऊन १७० च्या फलकाखाली रांगेत उभे राहावे आणि त्याच क्रमांकाची जी बस येईल तिच्यात बसावे. सामुद्रधुनीवरचा कॉजवे ओलांडल्यावर जोहोर बारूला पुन्हा तसेच : सामानासह उतरणे, मलेशियाची तपासणी, पुन्हा १७०. ही बस शेवटी लार्किन सेंट्रल बसस्थानकात पोहोचते. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार-रविवार येथे प्रचंड गर्दी असते, म्हणून मंगळवार-बुधवारची सकाळ निवडावी. पुढच्या बसचे तिकीट मात्र आधी काढू नये, नाहीतर वेळेत अडकून पडायला होते.

लार्किनहून क्वालालंपूरच्या वाटेवरच्या मलाक्का शहराला बसने साधारण तीन तासांत पोहोचता येते. तेथे मलाक्का सेंट्रलवरून १७ क्रमांकाची बस जुन्या शहरातल्या लाल डच चौकात नेते. एक रात्र मलाक्काला राहावे असा माझा सल्ला आहे. सीमा ओलांडून त्याच दिवशी क्वालालंपूर गाठणे शक्य असले तरी त्यात दिवस नुसता बसमध्ये जातो.

मलाक्काहून क्वालालंपूरला येणाऱ्या बस बंदर तासिक सलातान येथील टीबीएस या मोठ्या बसस्थानकात थांबतात. लागूनच रेल्वेची स्थानके आहेत. शहरात फिरण्यासाठी ‘टच अँड गो’ कार्ड घ्यावे. मुक्काम केएल सेंट्रल या मुख्य रेल्वे स्थानकाच्या आसपास असल्यास बहुतेक मार्गिका हाताशी येतात. बाटू केव्ह्जची लोकल तेथूनच थेट मिळते आणि शेवटच्या स्थानकावर उतरले की मुरुगन स्वामींचे मंदिर समोरच असते. वर जायला २७२ पायऱ्या आहेत, त्यामुळे सकाळी लवकर जावे.

परतीचा मार्ग

केएल सेंट्रलहून केएलआयए एक्सप्रेस ही रेल्वे अर्ध्या तासात विमानतळावर पोहोचवते, एका वेळचे भाडे ५५ रिंगिट. चौघे जण असतील तर हा आकडा जड वाटतो. तेथूनच सुटणारी विमानतळ बस बरीच स्वस्त आहे, फक्त तासभर आणि वाहतूक कोंडीचा वेळ वेगळा धरावा. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ ही वेगवेगळी स्थानके आहेत. आपले कोणते, ते तिकिटावर पाहूनच उतरावे.

परतीचे विमान मुंबईत संध्याकाळी सहाच्या आत उतरणारे निवडावे. तपासणी, सामान आणि मेट्रो असा वेळ धरला तरी रात्रीची सिद्धेश्वर आरामात मिळते. विमान त्याहून उशिरा उतरणार असेल तर त्याच रात्रीचे आरक्षण करू नये; मुंबईत रात्र काढून दुसऱ्या दिवशी निघावे. आणि गाडी चुकलीच, तर दादरला येऊन तेथून ई-शिवनेरीने पुणे आणि स्वारगेटवरून सोलापूरची एसटी, हा मार्ग लक्षात ठेवावा.